इटलीचं मामकूळ

पारनेरच्या एसटी स्टँडवर गहिनीनाथ नाना ठुबे भेटले, तर आपली गाडी चुकणार हे धरूनच चालायचं. नाना कुणाचा हात धरत नाहीत, वाट अडवत नाहीत. फक्त विचारतात.

"कोन गाव?"

आपण गाव सांगतो.

"कोनाचा तू?"

आपण वडिलांचं नाव सांगतो.

"आई कुठली?"

इथपर्यंत माणूस हसतमुख असतो. "आईची आई?" या प्रश्नाला त्याचा हात बॅगेकडं जातो. आणि "मंग तुझ्या आज्जीचा थोरला भाऊ, पायानं जरा अधू हुता बघ, त्याची धाकली बेलापूरला कोनाच्यात दिली?" या प्रश्नापर्यंत गाडी फलाट सोडून गेलेली असते. नाना मात्र समाधानानं मान हलवतात. "म्हंजे तू आपलाच निघाला."

नाना सत्तरीच्या पुढचे. काटक अंग, टोपी जरा उजवीकडं कललेली, आणि नजर कायम समोरच्याच्या कपाळावर, जणू तिथं त्याच्या मामाचं गाव लिहिलेलं आहे. माळावर थोडी जमीन आहे. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर गप्पा. पण गावात कुठलीही सोयरीक ठरवायची तर आधी नानांच्या कानावर घालायची, ही आमच्याकडची रीत. मुलगी कशी आहे ते बाकीचे बघतात. मुलगी कुणाची आहे, मामकूळ कोणतं, म्हणजे तिच्या आईचं माहेर कुणाचं, मागं दोन्ही घरांत कुठं गाठ पडते का, हे नाना सांगतात. कुठं कागद नाही, वही नाही. सगळं डोक्यात आणि डोकं टोपीत.

एकदा नगरच्या रस्त्यावर हेल्मेट नाही म्हणून पोलिसानं आमच्या रामहरी काकांची मोटारसायकल अडवली. मागं नाना बसलेले. पोलिसानं काकांचं नाव विचारलं, नानांनी पोलिसाचं विचारलं. उन्हात उभ्या उभ्या चौकशी झाली आणि शेवटी पोलिसाची मावशी आमच्या शेजारच्या गावात निघाली. पोलीस हात जोडून म्हणाला, "नाना, तुमी जा. पन आता जाच."

अलीकडं मात्र नानांचा भाव जरा उतरला होता. मुलामुलींची माहिती मोबाईलवर फिरू लागली होती. नाना मोबाईल हातभर लांब धरायचे आणि कुरकुरायचे. "फोटो बघ कसा काढलाय. मागं धबधबा. अन् खाली मामकुळाच्या जागी काय लिहिलंय? 'नंतर कळवू.' आरं, मामा काय नंतर जन्माला येनार हाय का?"

अशात आमच्या पार्थनं अमेरिकेतून फोन केला. पार्थ माझा चुलतभाऊ, रामहरी काका आणि विजयमाला काकूंचा एकुलता एक. तो न्यू जर्सीत नोकरी करतो. त्यानं सांगितलं की त्याला मोनिकाशी लग्न करायचंय.

काकांनी फोन ठेवला आणि तडक नानांना बोलावून आणलं.

"मोनिका कोनाची?" नानांनी बसायच्या आधी विचारलं. "आपल्या सरपंचाची नात हाय एक मोनिका. ती न्हवं ना? ती बारावीला हाय."

"ती न्हाई. अमेरिकेतली हाय."

"अमेरिकेत कोनाच्यातली?"

"गोरी हाय नाना."

"रंग न्हाई इचारला मी."

काकांनी खिशातून चिठोरं काढलं. "लोरुसो आडनाव हाय. मूळ इटलीचं."

नाना थोडा वेळ छपराकडं बघत राहिले. लोरुसो कुठं दिलेत, कुठून आणलेत, हे ते डोक्यात शोधत होते. आयुष्यात पहिल्यांदा आतून काही उत्तर येईना.

"लोक जात इचारतील," काका म्हणाले.

"लोकांना जात लागती, मला पाव्हणा लागतो," नाना म्हणाले. "जातीवरनं काय कळतं? कोनाच्या लग्नात कोन रुसलं हुतं ते कळतं का?"

काकांनी मग सरळ निकाल दिला. ते तसे मऊ माणूस, पण भाऊबंदांसमोर कडक व्हायची त्यांना सवय आहे. "नानांनी पाव्हणं शोधून काढलं तर तुळशीच्या लग्नानंतर मांडव आपल्या दारात. न्हाई निघालं तर पोरानं तिकडंच कोर्टात सही करावी. आमी जानार न्हाई. ज्याचं मागचं-पुढचं ठाव न्हाई तिथं मी अक्षता टाकनार न्हाई."

विजयमाला काकू आत भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला. "तीन वर्सं झाली लेकाला बघून," त्या आतूनच म्हणाल्या, "आता त्याची हळद बी मोबाईलवर बघू का?"

भाकरी पुन्हा सुरू झाली, पण जरा जोरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल लागला. मी दिवाळीला गावी आलेली, त्यामुळं मोबाईल धरायचं काम माझ्याकडं. पडद्यावर पार्थ आणि त्याच्या शेजारी मोनिका. कुरळे केस, मोठे डोळे, आणि "नमस्कार" इतका घोटलेला की काकूंनी लगेच पदर सावरला. नानांनी टोपी सरळ केली आणि थेट मुद्द्याला हात घातला.

"इचार तिला, पनजा कोन?"

पार्थनं विचारलं. पणजोबांचं नाव विटो लोरुसो. गवंडी होते. इटलीतल्या काल्वेरा नावाच्या डोंगराळ गावातून जहाजानं अमेरिकेला आले, पहिल्या महायुद्धाच्या आधी. नेवार्क शहरात राहिले.

"पनजी?"

"फिलोमेना."

"फिलोमेनाचं माहेर?"

पार्थनं विचारलं. मोनिका हसली, खांदे उडवले. तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, आजीला विचारावं लागेल, पण आजी आत्याकडं फ्लोरिडाला गेलीय आणि फोनवर तिला नीट ऐकू येत नाही.

नानांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू पोरीनं आपण जेवतो कशानं हेच आठवत नाही असं सांगितलंय. "एवढी शिकलेली पोरगी," ते हळूच म्हणाले, "अन् पनजीचं माहेर ठाव न्हाई."

मोनिकानंच मार्ग सुचवला. न्यूयॉर्कच्या बंदरात जहाजातून कोण कोण उतरलं त्यांच्या जुन्या याद्या इंटरनेटवर आहेत. कुणीही बघू शकतं. तिनं एकदा प्रयत्न केला होता, पण विटो लोरुसो एक नाही, चांगले पाच-सहा निघाले, म्हणून तिनं सोडून दिलं.

"सोडून दिलं?" नाना म्हणाले. "सुकन्या, काढ तुझी पेटी."

पेटी म्हणजे माझा लॅपटॉप. आम्ही ओट्यावर बसलो. काकूंनी पोतं अंथरलं आणि चिवड्याची ताटली ठेवली. मी यादीचं पान उघडलं. पिवळट कागद, बारीक तिरकं अक्षर, एकेका ओळीत एकेक माणूस आणि आडवे रकाने. मी रकाने वाचून दाखवायला लागले. वय. धंदा. शेवटचा मुक्काम कोणत्या गावी.

"म्होरं."

"मागे देशात जवळचं नातेवाईक कोण, त्याचं नाव आणि गाव."

नानांचा चिवडा हातातच राहिला. "असं इचारलंय?"

"हो. आणि पुढचा रकाना, अमेरिकेत कोणाकडे चालला. नातं काय, नाव काय, पत्ता काय."

नानांनी चिवडा ताटलीत परत टाकला. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. ते देवळात सोडून कुठं टोपी काढत नाहीत. "हा साहेब कोन हुता गं? ह्याला कोनी शिकवलं आसंल? 'कोनाला मागं सोडून आलास अन् कोनाकडं चाललास?' दोनच गोष्टी. बास. आपल्याकडं खानेसुमारीला येत्यात ते इचारत्यात घरात फ्रीज हाय का. फ्रीज घिऊन काय करू मी? पाव्हणा इचार की."

आता प्रश्न होता विटो कोणता. एक विटो चुलत्याकडं चालला होता, एक भावाकडं, एक नुसताच मित्राकडं. त्याच्यावर नानांनी पटकन फुली मारली. "मित्राकडं जातो म्हंजे घरातनं भांडून निघालाय." मग एक विटो सापडला. वय बावीस, धंदा गवंडी, गाव काल्वेरा, मागं नातेवाईक म्हणून बाप, चाललाय नेवार्कला मेव्हण्याकडं. मेव्हण्याचं नाव दोनातो दे सांतिस.

"हाच आपला," नाना म्हणाले.

"कशावरून?"

"माझा बाप मुंबैला गेल्ता तो कोनाच्या खोलीवर उतरला? माझ्या मामाच्या. सख्खा भाऊ भाडं मागतो, बायकोच्या भावाला मागता येत न्हाई. खाली बघ, त्याच गावचं अजून कोन कोन त्याच पत्त्यावर चाललंय?"

मी बघितलं. खालच्या आठ-दहा ओळींत काल्वेराचेच लोक, आणि सगळ्यांचा पत्ता नेवार्कचं तेच घर.

"गावकीची खोली," नाना म्हणाले. "आमच्या गावची हुती तशी. दिसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच्या अंथरुनात." त्या दिवशी नाना इतके खुश होते की जाताना काकूंना म्हणाले, "विजयमाला, मांडवाचं बघायला लाग. तुझ्या इव्हायाचं घर मला सापडल्यागत हाय."

काकूंनी त्याच संध्याकाळी हळदीला कोणत्या जात्यावर बसायचं ते ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही फिलोमेनाला शोधायला बसलो. फिलोमेना लोरुसो नावाची बाई कुठल्याच जहाजात नव्हती. मग मी पोरांच्या नावानं शोधलं. विटो गेल्यानंतर काही वर्षांनी एका जहाजात दोन लहान मुलं सापडली, काल्वेराची, आडनाव लोरुसो. आणि त्यांच्या वरच्याच ओळीत त्यांच्याबरोबरची बाई. फिलोमेना.

"सापडली," मी म्हणाले. "फिलोमेना दे सांतिस."

"लोरुसो म्हन."

"लोरुसो नाही नाना. दे सांतिस लिहिलंय."

नानांची टोपी मांडीवरून डोक्यावर गेली. "ती चालली कोनाकडं?"

"नेवार्कला. त्याच घरी. नवऱ्याकडे. विटो लोरुसो."

"अन् दे सांतिस कोन हुता?"

"विटोचा मेव्हणा."

नानांनी ओट्यावरून आत डोकावून बघितलं. काकू विहिरीवर गेल्या होत्या. मग ते माझ्या कानाशी आले. "म्हंजे ही दे सांतिसची बायको."

"असं कसं नाना?"

"आगं आडनाव कोनाचं लावलंय? बाई दे सांतिसच्या नावावर, पोरं लोरुसोच्या नावावर, अन् तिघं मिळून एकाच खोलीत." नानांचा आवाज आणखी खाली गेला. "त्यानं मेव्हन्याच्या खोलीवर खाल्लं, प्यालं, अन् मेव्हन्याचीच बायको पळवली."

"मग विटोची स्वतःची बायको? मेव्हण्याची बहीण?"

"ती बिचारी तिकडंच राहिली आसंल डोंगरावर," नाना म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरंच ओले झाले.

मी म्हणाले, मोनिकाला विचारून टाकू. नाना दचकले. "काय इचारशील? बाई, तुझी पनजी नेमकी कोनाची बायको हुती? असं इचारत्यात का कुनाच्या पोरीला?" त्यांनी माझ्याकडून घराच्या देवाची शपथ घेतली आणि मागच्या वाटेनं घरी गेले.

त्यानंतर नाना आमच्या दारावरून जाईनासे झाले. शेताला जायचे ते बांधाबांधानं, बाभळींमधून, काटे लावून घेत. काकू वाट बघायच्या. "नानाचं डोकं दुखतंय का?" असं मला दोनदा विचारलं. मी शपथेखाली, त्यामुळं मी चिवडा खात राहिले.

शेवटी पारनेरच्या बाजारात रामहरी काकांनी नानांना कांद्याच्या ढिगामागं गाठलं.

"नाना, पाव्हणं निघालं का न्हाई?"

"निघालं."

"मंग?"

"निघालं ते बरं न्हाई निघालं."

"काय ते सांगा."

"रामहरी, आजपतूर मी कुनाची मोडती सोयरीक केली न्हाई. मला नको इचारू."

काकांनी सोडलं नाही. नानांनी तिथंच, कांदेवाला ऐकतोय हे न बघता, सगळं सांगितलं. कांदेवाला मधेच म्हणाला, "मेव्हन्याचीच?" आणि नानांनी जड मान हलवली.

काका घरी आले, पायातलं काढलं आणि ओट्यावर बसून जाहीर केलं, "पार्थला कळवा. त्यानं तिकडं काय करायचं ते करावं. आमच्यात हे बसत न्हाई."

काकूंनी काय झालं ते विचारलं. काकांनी जमेल तेवढं आडवळणानं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, रडल्या नाहीत. हात पुसत माझ्यापाशी आल्या.

"काढ तो कागद."

"काकू, शपथ..."

"शपथ नानाची हाय, मी नानाची कोन न्हाई. काढ. अन् नानाला बी बोलवा."

नाना आले ते नव्या नवरीसारखे, खाली मान घालून. काकू लॅपटॉपसमोर मांडी घालून बसल्या. त्या दहावीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजी अक्षरं ओळखतात, पण ते जुनं तिरकं अक्षर त्यांना लागेना, म्हणून मला म्हणाल्या, "बोट ठिवून वाच. ही कोन?"

"फिलोमेना दे सांतिस. तिच्याखाली तिची दोन मुलं, लोरुसो."

"तिच्या वरची बाई?"

मी वर गेले. "मारिया ग्रासी. तिची मुलगी, आडनाव बोव्हे."

"तिच्या वरची?"

"कार्मेला रुसो. तीन मुलं. आडनाव..." मी थांबले. "आडनाव त्रोइया."

"खाली जा."

मी खाली गेले. कन्चेत्ता एका आडनावाची, तिचा मुलगा दुसऱ्या आडनावाचा. तिच्याखाली आणखी एक तशीच. पान उलटलं. पुढच्या पानावरही तेच. नवऱ्याकडं निघालेली प्रत्येक बाई एका आडनावाची, आणि कडेवरची पोरं दुसऱ्याच आडनावाची.

काकूंनी हळूच मागं वळून बघितलं.

"अख्खं जहाज पळून चाललं हुतं का नाना?"

नाना पुढं सरकले. पडद्यावरच्या ओळीवर त्यांनी आपलं वाकडं बोट ठेवलं. ओठ हलत होते. "मेव्हना दे सांतिस. बाई दे सांतिस. मेव्हना दे सांतिस..."

मग त्यांनी कपाळावर हात मारला, टोपी मागं पडली.

"भैन हाय ती त्याची. ही त्याची भैन हाय, अन् ही विटोचीच बायको हाय. माहेरचं नाव लावलंय बाईनं." ते माझ्याकडं वळले. "सुकन्या, ज्या डोंगरावरच्या बिचारीची मी चार दिवस कीव करतोय, ती हीच."

काका मात्र सहजासहजी उतरणारे नव्हते. बाजारात कांदेवाल्यासमोर झालेली गोष्ट त्यांना अशी ओट्यावर फिरवता येईना. "लग्न झालेली बाई बापाचं नाव लावंल का? मनाला पटतं का तुमच्या?"

"तिकडं लावत असतील."

"असतील म्हंजे? तुमीच मागं असतील असतील करून पळवलीत की तिला."

ठरलं असं की मोनिकाच्या आजीलाच विचारायचं. आजी शनिवारी लेकाकडं परतणार होती. त्यांची शनिवारची रात्र ती आमची रविवारची सकाळ.

रविवारी ओट्यावर गादी घातली गेली. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला. पडद्यावर पार्थ, मोनिका, मोनिकाचे वडील आणि मधे खुर्चीत रोझ आजी. पांढरे केस, लाल स्वेटर, कानात यंत्र. ती विटोच्या अमेरिकेत जन्मलेल्या सगळ्यात धाकट्या मुलाची बायको, म्हणजे फिलोमेनाची सून. पार्थनं नानांचा प्रश्न फार जपून, बऱ्याच वळणांनी तिला सांगितला. आजी ऐकत होती. मग ती एवढी हसली की मोनिकाच्या वडिलांनी तिची खुर्ची धरली.

पार्थनं भाषांतर केलं. "आजी म्हणते, तिकडे इटलीत बाईचं आडनाव कागदावर बदलत नाही. मरेपर्यंत बापाचंच. फिलोमेना दोनातोची धाकटी बहीण. आणि ती कुणाबरोबर पळून जाणारी नव्हती, तिला जहाज लागायचं."

काकूंनी काकांकडं बघितलं. काकांनी सदऱ्याची बटणं बघितली.

नानांना मात्र आता धरवेना. "म्हंजे बघा," ते म्हणाले, "आपन मामकूळ शोधीत हुतो, ते कागदावरच बसलं हुतं. दे सांतिस, काल्वेराचं. विटोच्या पोरांचं मामकूळ. रामहरी, आपल्यात एवढं चोख कोन लिहून देतं?"

पण रोझ आजीचं अजून संपलं नव्हतं. तिनं खुर्ची पुढं ओढली.

"आजी म्हणते," पार्थ म्हणाला, "तुम्ही आमचं सगळं विचारलंत. आता तुमचं सांगा. मुलाची माणसं कोण?"

नानांनी माझा हात दाबला. "ही बाई आपल्यातली हाय."

काकांनी घसा साफ केला आणि बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव सांगितलं. आजी मान डोलवत होती.

"बायका?" तिनं विचारलं.

"माझी आज्जी गोजरबाई," काका म्हणाले.

"ती कुणाची?"

हे नानांचं मैदान. "टाकळीच्या शेळक्यांची. बाप देवाप्पा. तिला दोन भाऊ, एक तालमीतला."

"गोजरबाई हे नाव तिच्या आईबापांनी ठेवलेलं?"

पार्थनं भाषांतर केलं आणि ओट्यावरचे सगळे नानांकडं वळले. आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात. आडनाव बदलतं ते वेगळं, नावही बदलतं. नवरा ताटातल्या तांदळात बोटानं नवं नाव लिहितो. नाना छपराकडं बघायला लागले. गोजरबाईचा बाप सापडला, भाऊ सापडले, भावाची तालीम सापडली. पण टाकळीत त्या पोरीला काय हाक मारायचे, ते कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"ठाव न्हाई," नाना म्हणाले. त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल हे दोन शब्द आमच्या गावात कुणी ऐकले नव्हते.

आता तिकडं कुजबुज सुरू झाली. रोझ आजीचा चेहरा बदलला होता. तिनं मोनिकाच्या हातावर हात ठेवला आणि काहीतरी सावकाश बोलली. पार्थ भाषांतर करायला जरा कचरला.

"बोल की," काका म्हणाले.

"आजी म्हणते, मोनिकाचं नाव बदलणार असाल तर मुलगी द्यायची की नाही, हे त्यांना बघावं लागेल. ती म्हणते, शंभर वर्षांनी कुणी शोधायला बसलं तर पोरगी सापडली पाहिजे."

काका चुळबुळले. त्यांनी नाव ठरवून ठेवलेलं मला माहीत होतं. ज्ञानेश्वरी. नाव कोरायला सोनाराकडं विचारणाही झाली होती. सोयरीक मोडायची तर आपण मोडायची, तिकडून मोडली जाऊ शकते हे त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं. "रीत हाय ती," ते म्हणाले, पण पडद्याकडं न बघता.

"न्हाई बदलायचं," काकू म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"पार्थ, सांग आज्जीला. पोरगी मोनिका म्हनून येईल अन् मोनिकाच राहील. माझं बदललं तवा मला कुनी इचारलं न्हाई. मी छबू हुते."

"आई," पार्थ तिकडून म्हणाला, "तुझं नाव छबू होतं?"

"अठरा वर्सं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी इचारलं?"

"मग विजयमाला कुठून आलं?"

काकूंनी हनुवटीनं काकांकडं दाखवलं. काका लाल झाले. "ते आपलं... चुलत्याच्या टेम्पोवर लिहिलेलं हुतं," ते म्हणाले. "रंगवलेलं. बरं दिसत हुतं."

पार्थनं हे तसंच्या तसं सांगितलं असावं, कारण तिकडं रोझ आजीनं डोळे पुसायला रुमाल मागितला, आणि मोनिका आपल्या होणाऱ्या सासूकडं अशी बघायला लागली की जणू आत्ता पहिल्यांदा दोघींची ओळख झालीय.

काकांनी मग सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. "बरं, मोनिका तर मोनिका," ते म्हणाले. "नाना, तुमचं काय म्हननं? पाव्हणं बसलं का?"

"माझं काय म्हननं? आज्जीचं म्हननं इचार. आपन पास झालो का ते."

पार्थनं विचारलं. रोझ आजीनं काकूंकडं बोट केलं. "आजी म्हणते, छबूकडं बघून मुलगी देते."

"मंग सुपारी फोडा," नाना म्हणाले. आमच्याकडं सुपारी फुटली की लग्न ठरलं. काकू उठून अडकित्ता आणि सुपारी घेऊन आल्या. तिकडं सुपारी नव्हती. बरीच शोधाशोध होऊन मोनिकाच्या वडिलांनी अक्रोड आणले आणि हातोडी. नानांनी इथं अडकित्ता दाबला, तिकडं हातोडी पडली, अक्रोड टुणकन उडून पार्थच्या कपाळावर बसला. "लागलं का?" काकूंनी विचारलं. "लागलं," पार्थ म्हणाला. "मंग पक्कं झालं," नाना म्हणाले.

त्यानंतर फोन ठेवायला हरकत नव्हती, पण नानांनी मोबाईल माझ्या हातातून स्वतःकडं घेतला होता. "आता आज्जीला इचार," ते पार्थला सांगत होते, "तुमचं स्वतःचं माहेर कंचं? अन् दोनातोच्या पोरी कुठं कुठं दिल्या?" रोझ आजी सांगायला लागली, बोटं मोजत. मोनिकाच्या वडिलांनी घड्याळ बघितलं, मग खुर्ची ओढून तेही ऐकायला बसले.

काका उठले, आळोखेपिळोखे दिले आणि आतल्या दिशेला, जरा लाजत, जरा मोठ्यानं म्हणाले, "छबू, च्या टाक गं."

काकू अडकित्ता ठेवायला आत गेल्या होत्या.

"विजयमालाच म्हना," काकू म्हणाल्या. "टेम्पोवरचं असलं तरी सवय झालीया. अन् च्याचं आधन तुमी ठेवा, मला मांडववाल्याला फोन करायचाय."